जांभळा खण

कुंदानं ट्रंकेच्या तळची साडी ओढून काढली आणि पलंगावर टाकली. आईच्या साड्यांची वाटणी सकाळपासून चालली होती. बाबा कारखान्यातून रिटायर झाले होते, महिनाअखेर खमरियाच्या कॉलनीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडायचं होतं. आई गेल्यापासून ट्रंकेची किल्ली बाबांच्या जानव्याला असायची. ती त्यांनी आज कुठे काढून दिली. आत काय आहे ते विसरले होते, की त्यांना त्याचं काही वाटतच नव्हतं, कोण जाणे.

"अगं ताई!" नागपूरहून आलेली धाकटी बेबी हरखून म्हणाली. "हा तर माझ्या पोलक्याचा काठ! मागच्या लढाईच्या साली दिवाळीला तू शिवलं होतंस न?"

कुंदानं साडी उलगडली. जांभळी, कोरी. पदराच्या कोपऱ्याला हळदकुंकवाची बोटं, घडीत सुपारी आणि हळकुंड. ठरलेल्या सुनेला सासरहून येते तशी साडी होती ती.

त्या वर्षी सदर भागातल्या भय्यासाहेबांच्या शैलेंद्रचं स्थळ आलं होतं. मुलगी सावळी म्हणून ते नाही म्हणाले, असं बाबांनी सांगितलं. कुंदानं ते खरं धरलं. तेव्हापासून ती गडद रंग नेसली नाही. आणि साडीसोबत आलेला याच काठाचा खण बाबांनी तिच्याच हातात ठेवला होता, "बेबीला काहीतरी शिव" म्हणून. तिनं हौसेनं शिवला होता, काजं-बटणं करून. ती साडी घेऊन उठली.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर ऊन खात बसले होते. तोफांच्या चाचणीच्या कामात त्यांचे कान गेले, हे सगळी कॉलनी जाणत होती. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. कुंदाला त्यात एक सोय होती. चुलीपाशी बसून मनातलं मोठ्यानं बोलता येई, रडताही येई.

"बाबा! ही साडी कोणाची?" ती ओरडली.

बाबांनी कानामागे हात धरला. तिनं साडी त्यांच्या मांडीवर फेकली. त्यांनी कुंकवावरून अंगठा फिरवला.

"लढाई सुरू होती. तुझी आई अंथरुणावर, माझी डबल ड्यूटी. घर कोण पाहणार होतं?"

"लढाई दिवाळीआधी संपली, बाबा!"

"अं?" म्हणून बाबांनी तोंड फिरवलं. खिडकीच्या काचांना या नव्या लढाईच्या ब्लॅकआऊटचा काळा कागद लागला होता. ते तिकडे पाहत राहिले.

बेबी मागोमाग बाहेर आली होती. "हद्द झाली! जन्म नासवला तुझा! ताई, आता यांचं एक काम करू नको तू. एक कप चहासुद्धा नाही!"

कुंदा तिला आत घेऊन आली आणि पलंगावर बसली. शेजारी ऐकतील म्हणून तिनं आवाज अगदी खाली आणला.

"बेबी, बाबा तुझ्याकडे येतील. मी सदरला खोली घेऊन राहते."

बेबीनं एक लुगडं उचललं आणि घडी घालायला घेतलं. घडी झाली, तिनं ती मोडली आणि पुन्हा घातली.

"आमच्या दोनच खोल्या, ताई," ती कुजबुजली. "हे काय म्हणतील? तुझं काय, तू एकटी आहेस…"

"काहून आहे मी एकटी?" कुंदानंही कुजबुजतच विचारलं.

बेबीनं दुसरं लुगडं ओढलं. व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. त्यांची पाठ तशीच दाराकडे होती.

"बेबी, जावईबापूंना सांग, मला व्हरांडाही चालते. मी कोणाच्या मधात नाही येणार."

बेबी चमकली. कुंदानं चुलीकडे पाहिलं. चूल आणि बाबांची खुर्ची यांच्यामध्ये एक जुना पडदा तेवढा होता. तिथं बसून ती इतकी वर्षं काय काय बोलली होती, ते तिला एकेक करून आठवू लागलं.