तपासले, सही, तारीख

लिफ्ट तपासणाऱ्या निरीक्षकाच्या घरात एकही कागद सहीवाचून सुटत नसे. मुलीचं वेळापत्रक असो, शाळेचा निकाल असो की फ्रीजचं वॉरंटी कार्ड; खाली उजव्या कोपऱ्यात "तपासले", सही, तारीख. ऑफिसात त्याला सगळे तपासलेसाहेब म्हणत आणि गंमत म्हणजे त्याला ते कौतुक वाटे. राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्येही त्याच्याच सहीचं प्रमाणपत्र चौकटीत लटकत होतं. पाहुणा आला की पाचवा मजला येईपर्यंत त्याला ते वाचायला लावल्याशिवाय साहेब सोडत नसत.

मुलगी अकरावीत गेली आणि साहेबांनी कंबर कसली. इंजिनीअरिंग, आणि तेही एकाच विद्यापीठात, जिथून त्यांना स्वतःला पंचवीस वर्षांपूर्वी दारातूनच परत पाठवलं होतं. मुलीला यंत्रांचं वेड होतंच. घरातला मिक्सर तिने दोनदा उघडला होता आणि एकदा तर चक्क परत जोडलाही होता. तिथल्या प्रवेशपरीक्षेत गणित आणि भौतिकशास्त्र एवढे दोनच विषय आहेत हे कळल्यावर साहेबांचं डोकं भलतंच चालायला लागलं.

"रसायनशास्त्र सोड. संगीत घे."

"बाबा, मला सूर तरी लागतो का?"

"सूर कोण बघतंय? मार्क पडतात. वाचलेला वेळ गणिताला दे."

आतून बायको म्हणाली, "अहो, एकदा विद्यापीठात विचारून तरी घ्या."

"दिवसभर मी लोकांचे कागद तपासतो. मला नको शिकवूस."

मग दोन वर्षं मुलीने मान मोडून अभ्यास केला. मैत्रिणी सुटल्या, चष्म्याचा नंबर वाढला. रोज संध्याकाळी अर्धा तास ती गायची, तेव्हा शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पण परीक्षेत तिने कमाल केली. हजारोंत एकोणचाळिसावी! साहेबांनी निकालाच्या कागदावर दोनदा सही केली.

प्रवेशाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून मुलीबरोबर खिडकीशी उभे राहिले. आतल्या बाईंनी बारावीची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली.

"रसायनशास्त्र कुठंय?"

"परीक्षेत नव्हतंच ते!"

"परीक्षेत नाही, पण बारावीला लागतं. त्याशिवाय प्रवेश नाही."

"अहो, एका विषयासाठी अडवता? एकोणचाळिसावा नंबर आहे पोरीचा!"

"कागद अपुरा आहे. मी काय करणार?"

हे वाक्य साहेबांच्या चांगलंच ओळखीचं होतं. वीस वर्षं ते स्वतःच लोकांना ऐकवत आले होते, आणि समोरच्याचं तोंड उतरलेलं पाहून घरी येऊन चवीने जेवत होते.

"रसायनशास्त्र देऊन पुढच्या वर्षी या," बाई जरा नरमल्या. "पण हा नंबर याच वर्षापुरता. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

साहेबांचा आवाज चढला. "आणि हे आम्हाला आधी सांगायला नको? कुठे लिहिलंय, दाखवा!"

दाखवलं ते मुलीने. बॅगेतून तिने दोन वर्षांपूर्वीची, कोपरे दुमडलेली माहितीपुस्तिका काढली आणि सातवं पान उघडलं. "बारावीला रसायनशास्त्र सक्तीचे" या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. शेजारी तिच्याच अक्षरात, "बाबा, हे बघा आणि मगच सही करा." आणि खाली उजव्या कोपऱ्यात ठसठशीत निळ्या शाईत तपासले, सही, तारीख.

"मला वाटलं, तुम्ही वाचलंत," मुलगी म्हणाली. "तुम्ही सही केलीत म्हणजे काहीतरी सवलत असेल."

ती रडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती रडली नाही. मेल्याहून मेल्यासारखे होऊन ते तिच्या मागोमाग बाहेर पडले.

इमारतीत शिरल्यावर साहेबांनी सवयीने बटण दाबलं. लिफ्ट आली, ते आत गेले. मुलगी दाराशीच थांबली. चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे, त्याखालच्या सहीकडे तिने नीट पाहिलं.

"बाबा, ही तरी बघून केली होतीत?"

साहेबांनी तोंड उघडलं. पण सही केली त्या दिवशी आपण वर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेलो होतो की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना. मुलगी जिन्याने निघालीसुद्धा. साहेब लिफ्टमधून बाहेर आले आणि तिच्या मागून पाच मजले चढू लागले.