भावकू आप्पांच्या वखारीतला बगळा

रोज दुपारी उन्हं कलली की वखारीतला बगळा भावकू आप्पांच्या फोटोसमोर चार बोटं वाकत असे, आणि सकाळी दार उघडावं तर त्याची मान पुन्हा ताठ झालेली असे. बगळा कागदाचा होता.

वखार तंबाखूची; निपाणीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडी आत. भावकू आप्पांनी ती बांधली, त्यांच्या हयातीत ती गजबजली आणि त्यांच्यामागे व्यापार आटला तशी ओस पडली. पुढे त्यांचे चिरंजीव मारुतीराव यांनी ती नीलाला भाड्याने दिली. नीला बेळगावची, घर हिंडलग्याला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर तिने नोकरी सोडली आणि ती कागदाची शिल्पं करू लागली. नातेवाइकांनी याचं निदान डोक्यावर परिणाम असं केलं. तिच्या मते तिने फक्त प्रयोगशाळा बदलली होती.

हाताखाली दोघी बायका होत्या, रुक्माबाई आणि मालुबाई. दोघींचा जन्म विड्या वळण्यात गेलेला, त्यामुळे बोटांना पातळ वस्तू न फाडता वळवण्याची सवय. कामाची रीत ठरलेली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या, वाळलं की कामट्या ओढून काढायच्या, आणि सर्वांत वर नीलाने उसाच्या चिपाडापासून स्वतः केलेल्या पांढऱ्या कागदाची पिसं लावायची. थर चुकू नयेत म्हणून एक थर मराठी वर्तमानपत्राचा, त्यावरचा कानडी वर्तमानपत्राचा. कुठे जागा सुटली तर खालची लिपी डोकावते आणि डोळ्याला लगेच खुपते. या भागात दोन्ही भाषांची रद्दी एकाच दुकानात मिळते आणि एकाच गठ्ठ्यात बांधून येते. मराठी थर रुक्माबाई लावी, कानडी थर मालुबाई. रुक्माबाई उतारवयात प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती आणि ती विद्या तिला मिरवायची असे. पट्टी चिकटवता चिकटवता ती तिच्यावरची बातमी मोठ्याने वाची. बातमी बहुधा अर्धवट फाटलेली असे, तिचा शेवट मालुबाई आपल्या मनाने लावी, आणि मग त्या शेवटावरून दोघींचं जुंपे.

बगळा होत असताना मात्र वखारीत कमालीची शांतता होती. नीलाला ती आवडली. शांततेचं कारण शोधावं असं तिला वाटलं नाही, ही तिची या प्रकरणातली पहिली चूक.

बगळा पुरुषभर उंच झाला. त्याची मान हातापेक्षा लांब आणि मनगटापेक्षा थोडी जाड. बेळगावात नीलाच्या शिल्पांचं पहिलं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्याच्या मधोमध हा बगळा उभा राहायचा होता. बाकीची मांडणी त्याच्याभोवती बेतलेली होती. रविवारी टेम्पो यायचा होता. सोमवारी दुपारी मारुतीराव वखारीत आले, बगळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, बगळा न्यायचा न्हाय."

"का हो आण्णा?"

"आप्पाला नमस्कार करतोय त्यो. चार दिस बघतोय मी. सकाळच्याला ताठ असतोय, दुपारी वाकतोय. ह्ये बघा की."

नीलाने बघितलं. भिंतीवर भावकू आप्पांचा फोटो होता, फेटा आणि करडी नजर यांसह. आणि चोचीचं टोक सकाळपेक्षा नक्कीच खाली आलं होतं.

"बगळ्याचा कसला नमस्कार?" रुक्माबाई खळ ढवळता ढवळता म्हणाली. "मासा हुडकत आसंल. बकध्यान त्ये."

"तू गप गं. आमच्या आप्पात मासा दिसला व्हय तुला?"

मालुबाई हसली, पण रुक्माबाईने तिच्याकडे पाहताच गप्प झाली. नीलाने हेही पाहिलं आणि सोडून दिलं. ती दुसरी चूक.

"आण्णा, तो कागद आहे. कागद नमस्कार करत नाही. काहीतरी साधं कारण असणार."

"आसंल की. मी कुठं न्हाय म्हणतोय?" मारुतीराव पोत्यांच्या थप्पीवर बसले. "पर आप्पा जित्ता हुता तवर ह्या वखारीत त्याच्यापुढं कुणी वाकलं न्हाय. जो आला त्यो भांडायलाच आला. वजनावरनं भांडला, दरावरनं भांडला. मी बी भांडलो. शेवटच्या वर्साला तर आमी एकमेकाशी बोलत न्हवतो. आता कोणतरी वाकतंय त्याच्यापुढं, तर त्येला टेम्पोत घालून बेळगावला धाडू?"

नीला चोच किती खाली आली ते बोटांनी मोजू लागली. मारुतीरावांनाच तिची दया आली.

"आसं करा बाई. कारण दावा. मला पटलं तर मी सोता उचलून टेम्पोत चढवतो. न्हाय पटलं तर ह्यो हितंच ऱ्हाणार. वखार माझी हाय."

मंगळवारपासून नीलाने शिल्पकाम बाजूला ठेवलं. मानेत तार नव्हती, म्हणजे तार तापून वाकण्याचा प्रश्न नव्हता. चोच लाकडाची आणि जड होती. पण वजनाने झुकलेली मान सकाळी आपण होऊन वर येत नाही. छपरातल्या काचेच्या कौलातून दुपारी उन्हाचा कवडसा मानेवर येत असे. तिने कौलावर गोणपाट टाकलं. मग तिने बगळ्याचं तोंड फिरवून दाराकडे केलं. फोटोकडे त्याची पाठ झाली.

दुपारी बगळा ऊन नसतानाही ठरल्या वेळी वाकला, आणि दाराकडे वाकला.

"बघितलंत आण्णा? त्याला फोटोशी काही देणंघेणं नाही. जिकडे तोंड कराल तिकडे वाकतो."

"आप्पा दुपारचा भाईर वट्ट्यावरच बसायचा की," मारुतीराव म्हणाले. "उकडायचं त्येला आत."

बुधवारी वळवाचं आभाळ आलं, दुपारी सडाका पडून गेला आणि बगळा वाकलाच नाही. मान दिवसभर ताठ. नीलाला आनंद झाला. मारुतीरावांना त्याहून जास्त झाला.

"रुसला. काल तुम्ही त्येचं त्वांड फिरवलं न्हवं."

नीलाच्या ध्यानात आलं की बगळा वाकला तरी मारुतीरावांचं म्हणणं खरं ठरतं आणि न वाकला तरी खरंच ठरतं. असं म्हणणं खोडता येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते कशाच्या उपयोगाचंही नसतं. हे तिने त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांनी घरून तिच्यासाठी कैरीची डाळ आणली होती.

पण पावसाने तिला धागा दिला. गुरुवारी आभाळ निवळलं, हवा पुन्हा कोरडी झाली. तिने बगळ्याभोवती दोऱ्या बांधून ओली गोणपाटं टांगली आणि ती सुकू दिली नाहीत. दुपार झाली, कलली, बगळा ताठच. गोणपाटं काढली, चहा होईपर्यंत मान उतरू लागली. म्हणजे सूत्रधार हवेतला ओलावा. कागद ओलावा पितो आणि फुगतो, कोरडा पडला की आखडतो. एवढं शाळेतल्या मुलालाही सांगता आलं असतं.

अडचण पुढेच होती. मान सगळीकडून सारखी फुगली असती तर ती लांब झाली असती, वाकली नसती. वाकायला एक बाजू वाढली पाहिजे आणि दुसरी जागच्या जागी राहिली पाहिजे. कागद दोन्हीकडे तोच, खळ तीच, हात तेच. वरचा चिपाडाचा कागद तिने तपासून पाहिला. हाताने केलेल्या कागदात तंतू वाटेल तसे पसरलेले असतात, तो सगळ्या दिशांना सारखाच फुगतो. त्याच्यावर आळ घेता येईना. आतल्या थरांत काय आहे हे पाहायला मान कापावी लागली असती, आणि कापलेली मान घेऊन प्रदर्शन भरत नाही.

शुक्रवारी सकाळी नीला हताश होऊन खळीचे ब्रश धुवायला बसली. ब्रश ज्यात उभे ठेवलेले असत ते भांडं तिने उचललं आणि तशीच थबकली. ते भांडं नव्हतंच. मान मुळात थोडी लांब झाली होती, म्हणून तिनेच बुडापासून एक तुकडा कापून काढला होता. कोणीतरी त्याला पुठ्ठ्याचा तळ चिकटवून ब्रश ठेवायला घेतला होता. बगळ्याची मान, अस्सल, सगळ्या थरांसकट, आठवडाभर तिच्या हाताशी होती.

कापताना घातलेल्या खुणेवरून तिने तुकड्यावर पेन्सिलीने पाठीची बाजू कुठली आणि गळ्याची कुठली ते लिहिलं आणि तो बादलीत भिजत घातला. खळ सुटली तशी ती एकेक थर सोलून दोन रांगांत मांडू लागली, पाठीचे वर, गळ्याचे खाली. मराठी, कानडी, मराठी, कानडी. क्रमात चूक नव्हती. पण वरची रांग ती सरळ वाचू शकत होती आणि खालची वाचायला तिला प्रत्येक वेळी मान वाकडी करावी लागत होती. पाठीवर झाडून सगळी अक्षरं उभी होती. गळ्यावर झाडून सगळी आडवी पडली होती.

तिने रद्दीतलं एक ताजं पान उचललं आणि वरून खाली फाडलं. बातम्यांच्या स्तंभाला धरून सरळ रेघेत फाटलं. मग आडवं फाडलं. करवतीसारखं वेडंवाकडं फाटलं. ती तशीच उठून कामाच्या फळीपाशी गेली.

"रुक्माबाई, तुम्ही अक्षरं नेहमी उभी लावता?"

"व्हय की. अक्षार उभं असावं, माणसागत. आडवं मेल्यावर."

"आणि मालुबाई, तुम्ही?"

"मला काय वाचायचंय बाई? पानात तंबाखू गुंडाळल्यागत आडवं लावते. हाताला तीच सवय."

"पण मग एक थर यांचा, त्यावर एक तुमचा, असं असायला हवं ना? एक उभा, एक आडवा. इथे पाठीचे सगळे थर रुक्माबाईंचे आणि गळ्याचे सगळे मालुबाईंचे कसे?"

खळीवर माशी बसली ती कोणी हाकलली नाही.

"बाई, तिला सांगा," मालुबाई शेवटी म्हणाली, "तिच्या हाताखाली थर लावायची मला हौस न्हाय. पाठीकडनं मराठी-कानडी दोन्ही तिनं लावावं, गळ्याकडनं दोन्ही मी लावीन, आसं ठरलं आमचं."

"ठरलं कसं? तुम्ही बोलत नव्हता ना?"

"खुणंनं ठरलं."

"झालं काय होतं?"

"होळीला माझ्या सुनंनं पोळ्या केलत्या. ही चारचौघींत म्हणाली, ही पुरणाची पोळी न्हवं, टायर हाय."

"सायकलचा म्हणाले," रुक्माबाई नीलाकडे बघत म्हणाली. "ट्रकचा म्हणाले नसते."

मालुबाईने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. तिचं बघून रुक्माबाईलाही आवरेना, आणि बगळ्याला सुरुवात झाल्यापासून प्रथमच दोघी एकमेकींशी थेट बोलल्या. पहिलं वाक्य पोळीच्या जाडीबद्दलच होतं.

शनिवारी मारुतीराव आले तेव्हा नीलाने स्टोव्हवर चहाचं पातेलं चढवलं होतं. आदल्या दिवशी तिने वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या, एक उभ्या अक्षरांची आणि एक आडव्या, पाठीला पाठ लावून चिकटवून वाळवल्या होत्या. ती जोडपट्टी तिने मारुतीरावांच्या हातात दिली आणि वाफेवर धरायला सांगितली. पट्टी वाकली. बाजूला घेतली, सरळ झाली. पुन्हा धरली, पुन्हा वाकली. मग तिने दुसरी पट्टी दिली, जिच्यात दोन्ही कागद उभेच होते. ती वाफेवर नुसती मऊ पडली.

मारुतीरावांनी हा प्रयोग इतक्या वेळा केला की चहा आटून काढा झाला. मग ते बगळ्यापाशी गेले, त्याच्या मानेवरून अलगद हात फिरवला, आधी पाठीकडून, मग गळ्याकडून. नीलाला आपण काहीतरी मोडलं असं वाटू लागलं.

"म्हंजे ह्यो आप्पाला वाकत न्हवता."

"नाही, आण्णा."

"ह्या दोघी भांडल्या म्हणून वाकत हुता."

"हो."

मारुतीराव हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आप्पाचीच वखार की ओ ही. हितं भांडणाबिगार काय झालंय कवा? चालतंय. उद्या मी हाईच उचलायला. पर मला एक बारका करून द्या, भिंतीपुढं ठेवायला. आसाच, वाकणारा."

"त्यापरास तुम्हीच वाका की आण्णा," मालुबाई म्हणाली. "कंबर धरलीया व्हय?"

"मी वाकतोच आता रोज. पर माझ्या जोडीला कोण तरी नगं?"

"त्याला आमाला परत भांडाय लागंल."

"भांडा की. पोळ्या मी देतो धाडून."

रविवारी त्यांनी शब्द पाळला. टेम्पोत चढताना बगळ्याची मान, सकाळची वेळ असल्याने, ताठ होती. आत फळीपाशी रुक्माबाई एका चोरीची अर्धवट फाटलेली बातमी वाचत होती आणि चोर कोण ते मालुबाई सांगत होती.

प्रदर्शनात बगळ्याची मान नीलाने दुरुस्त केली नाही. लोक दुपारी येत, बगळा वाकलेला बघत आणि कारण विचारत. कारण असं होतं. वर्तमानपत्राच्या कागदातले तंतू स्तंभांच्या दिशेने उभे पसरलेले असतात. असा कागद ओलाव्याने उभा फारसा वाढत नाही, आडवा वाढतो. बगळ्याच्या मानेच्या पाठीवर सगळे थर उभे होते आणि गळ्यावर सगळे आडवे. पहाटेच्या दमट हवेत गळा लांबे आणि मान ताठ होई. दुपारच्या कोरड्या हवेत गळा आखडे आणि मान खाली येई. उभ्यावर आडवा असे थर लागले असते तर यातलं काहीच घडलं नसतं. ते तसे लागले नाहीत, कारण होळीच्या दिवशी रुक्माबाई मालुबाईच्या सुनेच्या पोळीला टायर म्हणाली होती.