मिस्त्रींचा शेरा

मुरगूडच्या मेहरुन्निसाला त्र्याऐंशी साली इंजिनिअरिंगच्या सँडविच कोर्सला प्रवेश मिळाला. सहा महिने कॉलेज, सहा महिने पगारी कारखाना. "पोरगीला शिकाय धाडतायसा का कामाला?" शेजारच्या चिमणाबाईनं विचारलं. तिचे अब्बा, सिकंदर टेलर, शिलाई न थांबवता म्हणाले, "दोन्हीला."

उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग करणाऱ्या कारखान्यात तिची नेमणूक झाली. तिथं आकाराम मिस्त्री तीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभे होते. त्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, "वेणी वर बांध" म्हणाले आणि हातात झाडू दिला. आठवडाभर ती लोखंडाचा कीस झाडत राहिली. आठव्या दिवशी तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"मिस्त्री, मला मशीन पाहिजे."

"मागितलंस व्हय एकदाचं! मी वाटच बघत हुतो."

मग मिस्त्री शेजारच्या शेडला ऐकू जाईल असे ओरडत आणि ती इंजिनाचे बुश कातायला शिकत राहिली. इंग्रजी ड्रॉइंग आलं की ते म्हणत, "चष्मा घरात ऱ्हायला, तू वाच." चष्मा खिशातून डोकावत असायचा. ती मुकाट वाचून दाखवायची.

सहा महिने संपताना तिनं कॉलेजचा शेऱ्याचा फॉर्म त्यांच्याकडं दिला. चार पानं, सगळी इंग्रजी. "बघू," म्हणत त्यांनी तो घडी करून खिशात टाकला. तिनं दोनदा आठवण करून दिली, तर खेकसले. सोमवार शेवटचा दिवस. फॉर्म नसेल तर सहा महिने फुकट. त्या दिवशी ती कॉलेजात, फॉर्म जमा करून घेणाऱ्या घाटगे सरांसमोर रिकाम्या हातानं उभी राहिली.

तेवढ्यात दारात पांढरी टोपी दिसली. आकाराम मिस्त्री!

"सायेब, माझं शिक्षण चौथी. फारम काय उलगडंना. तोंडानं सांगतो, तुमी लिवून घ्या."

सरांनी पेन उघडलं. "वेळेवर येते का?"

"माज्या आदी."

"हातातलं कसब?"

"पयल्या म्हयन्यात अकरा बुश वाया घालवलं. शेवटच्या म्हयन्यात एक बी न्हाय."

"काही दोष?"

"हाय की. इच्यार करत बसती आन् च्या गार करती."

सरांना हसू आवरेना. मेहरुन्निसानं ओढणीनं डोळे पुसले.

एवढ्यात पलीकडच्या वर्कशॉपातून लेथचा खडखड आवाज आला. बोलता बोलता मिस्त्री थांबले.

"ऐकलंस काय गं?"

"गिअर हलतोय," ती म्हणाली. "त्याला दांड्यावर धरून ठेवणारी चावी ढिली असेल."

"दोन महिने असाच आवाज येतोय," सर ओशाळून म्हणाले.

मिस्त्री आणि ती तिकडं निघाले. तिनं लेथ बंद केला, बाह्या सारल्या, झाकण काढलं. झिजलेली चावी बाहेर आली. मिस्त्रींनी माप सांगितलं, तिनं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून नवी चावी बसवली. वर्गातली वीस-बावीस पोरं माना उंचावून बघत होती. बटण दाबलं, तसा लेथ एका सुरात फिरायला लागला. पोरांनी टाळ्याच पिटल्या.

घाटगे सरांनी मिस्त्रींना दर शनिवारी शिकवायला यायची गळ घातली.

मिस्त्रींनी पोरांच्या इस्त्रीच्या शर्टांवरून नजर फिरवली. "येतो की," ते म्हणाले. "पर ह्यास्नी सांगा, जुनी कापडं घालून या."