वीतभर काज

कुंडल गावात पाठीमागं हुकं असलेला झंपर पहिल्यांदा आणला तो जोतीराम शिंप्यानं, आणि त्याची मिरवणूक काढली ती स्वतःच्या सुनेच्या अंगावरून. रंगू दिसायला ठसठशीत. ती पाणवठ्यावर जाऊन आली की दुसऱ्या दिवशी दुकानात चार बायका कापड घेऊन हजर. माझी सून म्हणजे माझ्या दुकानाची पाटी, असं तो चारचौघांत सांगायचा. या पाटीला तोंडही आहे, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

रंगूचा नवरा सयाजी फौजेत, जबलपूरला जवानांच्या वर्द्या शिवत होता. घरच्या दुकानाची काजं-बटणं रंगूकडं. बाळंतपणाला ती कोयनानगरला माहेरी गेली आणि तीन महिन्यांची लेक घेऊन परतली ती ऐन लगीनसराईत. दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसून काजं करायची. पोरगी रडली की उठायचं, आतल्या खोलीत जायचं, हात पिरगाळून पाठीवरची सहा हुकं सोडायची, पाजायचं, पुन्हा सहा हुकं लावायची. तोवर रडून रडून पोरीचा जीव अर्धा झालेला, आणि ओट्यावरून सासऱ्याच्या हाका. पुढून बटणाची साधी चोळी घालते म्हटलं, तर जोतीराम कडाडला. शिंप्याची सूनच म्हातारीसारखी दिसायला लागली तर गिऱ्हाइकानं बघायचं कुणाकडं?

मग सासूनं, बयाबाईनं, तोडगा काढला. बाजारातून रबरी बोंडाची बाटली आणली आणि पाणी घातलेलं गाईचं दूध पोरीला पाजायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी पोरीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू बसली. रंगूनं बाटली अडगळीत फेकली आणि आठ दिवस लेकीला छातीपासून हलवलं नाही. पोरगी तगली. पण इकडं काजांचा ढीग साचला, आणि गुरुवारी सकाळी बघते तर बयाबाई चुलीपाशी तीच बाटली राखेनं घासत बसलेली.

रंगूला राग आला. असा राग तिला लग्न झाल्यापासून आला नव्हता.

जोतीराम अस्तर आणायला पलूसला गेला होता. त्याची मोठी कात्री खुंटीला होती. तिला दसऱ्याला फूल वाहायचं, एरवी घरातल्या बाईनं हात लावायचा नाही, आणि कापडाशिवाय त्या कात्रीनं दुसरं काही कापायचं नाही, हा घरचा शिरस्ता. रंगूनं ती खाली घेतली. सयाजीनं दिलेलं जांभळं कापड पेटीतून काढलं. मापाची टेप सासऱ्याच्या गळ्यातच गेली होती, म्हणून विती-बोटांनी माप घेतलं.

पाठ कापली, बाह्या कापल्या, आणि पुढच्या भागाला पाजण्यासाठी दोन उभ्या चिरा दिल्या तिथं घोळ झाला. आत दुमडायला कापड ठेवायचंच राहून गेलं. चिरांची सुतं सुटायला लागली. कापायची सवय होती कुठं तिला? क्षणभर रडूच आलं. मग तिच्या ध्यानात आलं, काज म्हणजे तरी काय, चीरच की. पंचक्रोशीच्या सदऱ्यांना तिनं काजं केली होती. ही दोन वीतभर लांब, एवढाच काय तो फरक. तिनं घट्ट टाके घालून दोन्ही चिरांच्या कडा काजासारख्या बांधून काढल्या. वरून एक रुंद झालर लावली, तिला दोन टिचबटणं. झालर उचलली की दूध, सोडली की झंपर.

उन्हं कलल्यावर ती तो झंपर घालून ओट्यावर येऊन बसली. मांडीवर लेक, शेजारी कात्री आणि काजांचा ढीग. तेवढ्यात जोतीराम आला आणि आतून बयाबाई भरलेली बाटली घेऊन आली. रंगूनं बाटली सासूच्या हातातून घेतली, कात्री उचलली आणि रबरी बोंड बुडापासून कापून टाकलं.

जोतीरामाचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. बापजाद्यांची कात्री बाटवली, नाक कापलं, ती चिंधी अंगावरून उतरव आणि आत चालती हो, असं बरंच काही. पोरगी दचकून रडायला लागली. रंगूनं पदराखाली झालर उचलली आणि रडणं तिथंच थांबलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी पाच पोरं वाढवली. चोळीची गाठ सोडली की पोर पदराखाली. एकाच्या तरी तोंडात रबर घातलं व्हतं?"

मग ती सासऱ्याकडं वळली.

"आन् मामंजी, मला उठवू नगा. हिचं पोट भरल्याबिगार मी उठायची न्हाई. आज न्हाई, उद्या बी न्हाई. कुनाला लाज वाटत आसंल त्यानं मान फिरवावी."

आणि तिनं सुई उचलून पुढचं काज धरलं. जोतीराम बायकोकडं बघत राहिला, आता हिनं सुनेला दोन शब्द सुनवावेत म्हणून. बयाबाईनं बाटलीतलं दूध मांजराच्या वाटीत ओतलं, रंगूच्या शेजारी मांडी घातली आणि ढिगातला एक सदरा ओढला. सुई डोळ्यांपाशी नेली. दोनदा नेम चुकला.

"आवं, नुसतं उभं काय ऱ्हायलायसा?" ती नवऱ्याला म्हणाली. "दोरा ओवून द्या."