देवाच्या पाण्यावरची हिरवळ

गोपीनाथ कर्णिकाचे सासरे तसे वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं फक्त एवढंच होतं, की जावई नोकरीत कायम झाला म्हणजे लेकीला, उत्तराला, सासरी पाठवू, तोवर पोरगी कल्याणलाच बरी. लग्न होऊन तीन वर्षं होत आली, तरी गोपीनाथ ठाण्याजवळ कोलशेतला गोऱ्यांच्या क्लबात हंगामी कारकूनच होता. दर रविवारी तो आगगाडीने कल्याणला जायचा, सासऱ्यांसमोर मान खाली घालून पोहे खायचा, आतून येणारा बांगड्यांचा आवाज ऐकायचा आणि संध्याकाळी ठाण्याला परत यायचा. बायकोशी त्याचं सगळं बोलणं त्या बांगड्यांच्याच भाषेत चाललेलं.

क्लबात काम म्हणावं तर होतं, म्हणावं तर नव्हतं. खाडीकाठच्या उतारावर साहेब मंडळी गोल्फ खेळत. म्हणजे सुपारीपेक्षा जरा मोठा चेंडू काठीने लांब मारायचा, मग चालत जाऊन तो शोधायचा आणि शेवटी एका भोकात घालायचा. हातानेच नेऊन टाकला तर काय बिघडतं, हे गोपीनाथला कधी कळलं नाही, आणि कायम व्हायचं असल्याने त्याने ते कधी विचारलंही नाही. शेवटच्या भोकाभोवती मऊ गवताचा एक गालिचा होता. क्लबाचे सेक्रेटरी पिकरिंग साहेब त्याला पोटच्या पोरासारखं जपत.

त्या साली, म्हणजे अठराशे नव्व्याण्णवला, पावसाने दगा दिला. श्रावण कोरडा, भादवा कोरडा. सरकारचा हुकूम सुटला, की विहिरीचं पाणी गवताला घालायचं नाही. एकदा वापरून झालेलं पाणी हवं तर घाला. दिवाळीच्या सुमाराला मुंबईची बडी मंडळी सामन्याला यायची होती. पिकरिंग साहेबांनी गोपीनाथला बोलावलं आणि सांगितलं, "वापरलेलं पाणी शोध. सामन्यापर्यंत हिरवळ टिकली, तर मी तुला कायम करतो."

गोपीनाथ त्या दिवशी गावभर फिरला. पण वापरून झालेलं पाणी ही गोऱ्यांची कल्पना! कोलशेतात तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या पोटात जात होतं, आंघोळीचं भोपळ्याच्या वेलाला, भांड्यांचं अळूला. गटारं केव्हाच सुकली होती. सगळ्या गावात पाणी वापरून फेकून देत होता तो एकटा महादेव.

उतारावर वरच्या अंगाला त्याचं देऊळ. पाऊस पडावा म्हणून आवडाबाई म्हातारीने गावच्या बायकांना कामाला जुंपलं होतं. दिवसभर देवळाच्या आडातून घागरी भरायच्या आणि पिंडीवर धार धरायची. माणसांची आंघोळ तीन दिवसांआड, देवाची अखंड. ते पाणी गोमुखातून बाहेर पडायचं आणि खडकात मुरून जायचं. गोपीनाथचे डोळे चमकले. त्याने गडी लावून गोमुखापासून थेट हिरवळीपर्यंत चर खणून घेतला, उरलेलं पाणी खाली खाडीला जायला वाट काढून दिली आणि सरकारी हुकूमही पाळला. पाणी वापरलेलं होतं, आणि वापरणारा मोठा होता.

गवत आठवड्याभरात तरारलं. साऱ्या तालुक्यात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. साहेब खूश. आवडाबाईही खूश, कारण देवाचं पाणी आता वाया जात नव्हतं. गोपीनाथने त्या रविवारी सासऱ्यांसमोर मान वर करून पोहे खाल्ले.

सामन्याआधी साहेबांनी रंगीत तालीम ठेवली. काठ्यांच्या पिशव्या वाहायला गणू आणि गावातले चार आगरी गडी होते. साहेबांनी चेंडू मारला, तो चरापलीकडे हिरवळीवर जाऊन पडला. साहेब एका ढांगेत चर ओलांडून गेले. गणू चरापाशी आला, थबकला, वळला आणि पिशवी खांद्यावर टाकून उतार चढू लागला.

"अरे गणू, कुठे चाललास?" गोपीनाथ ओरडला.

"पलीकडं," गणू म्हणाला.

"मग असा सरळ जा ना! हातभर तर चर आहे."

"भाऊसाहेब, पिंडीवरचं पानी हाय त्ये. वलांडाचं नसतं. तुमाला कोनी शिकवलं नाय?"

शिकवलं होतं. लहानपणी आजोबांचं बोट धरून शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालायची, पाण्याच्या वाटेशी आलं की माघारी फिरायचं, हे गोपीनाथला चांगलं ठाऊक होतं. चर खणताना मात्र ते साफ डोक्यातून गेलं होतं. आता पाचही गडी ओळीने देवळापर्यंत चढले, मागून वळसा घालून दुसऱ्या अंगाने उतरले आणि घाम पुसत साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी काठी मागितली, ती नेमकी अलीकडे राहिलेल्या पिशवीत होती. पुन्हा पाचही जण देवळाकडे निघाले.

गोपीनाथने क्लबाच्या खानसाम्याला, लिनोला, हाताशी धरलं. "तू तर ख्रिस्ती. तुला काय अडचण?"

"मना काय अडचन नाय," लिनो म्हणाला. "पन आवडामावशी बघते ना. तिच्या म्होरं मी वलांडू? मी जल्मलो तवा आयच्या बाळंतपनाला तीच होती."

पलीकडून साहेब कडाडले, "कर्णिक, इकडे ये!" गोपीनाथ इंग्रजी शिकलेला, गावातल्या देवभोळेपणावर हसणारा. तो चरापाशी गेला. धोतराचा सोगा उचलला. पाय काही उचलेना. वर देवळाच्या पायरीवर घागर घेऊन बसलेली आवडाबाई त्याच्याकडेच बघत होती. शेवटी तोही गुमान उतार चढू लागला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि कशाची ते धड सांगताही येईना.

"सामन्याच्या दिवशी माणसं इथूनच पलीकडे गेली पाहिजेत," साहेब म्हणाले. "नाहीतर तू गेलास."

सामन्याच्या दिवशी सकाळीच गोपीनाथने देवळातल्या राघोभटजींचे पाय धरले. भटजींनी पोथी उघडली, मिटली आणि बाहेर हाडं वर आलेल्या आपल्या गाईकडे बघितलं.

"उपाय आहे," ते म्हणाले. "पाणी झाकलं की ओलांडायला दोष नाही. गवत अंथरायचं. मात्र हिरवं हवं, वाळलेलं चालणार नाही. आणि अंथरलेलं गवत मागाहून गाईगुरांच्या मुखी लागलं पाहिजे."

"लागू दे, लागू दे!" गोपीनाथ हरखून गेला. "आवडाबाई, ऐकलंत? चालेल ना?"

"भट म्हनतो तर चालंल," आवडाबाई म्हणाली.

"मग गणू, अंथर बाबा. चांगलं जाड अंथर, कंजुशी करू नकोस. मी स्टेशनावरून पाहुण्यांना घेऊन येतो."

तो टांग्यात बसला तेव्हा त्याचं मन कल्याणात पोचलंही होतं. गवत कुठून आणायचं, हे गणूने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. रोज डोळ्यासमोर हिरवंगार दिसत होतं, त्यामुळे बाकी सगळीकडे हिरव्याची वाण आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पाहुण्यांचे टांगे क्लबाच्या दारात थांबले. गोपीनाथने खाली उडी मारली आणि तो जागीच खिळला. गोमुखापासून खालपर्यंत सबंध चर हिरव्यागार, ओल्या गवताने झाकला होता. गडी उगाचच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊन दाखवत होते. भटजींची गाय, आणि तिच्यामागून गावची सगळी गुरं, एका टोकाने खायला लागली होती. आणि भोकाभोवतीचा गालिचा विळ्याने मुळापर्यंत खरवडलेला होता.

पिकरिंग साहेब पांढरेफटक पडले. पण मुंबईचा बडा साहेब टांग्यातून उतरला, गुरांकडे बघत राहिला आणि त्याने चक्क टोपी काढली. "अशा दुष्काळात आपली हिरवळ मुक्या जनावरांना दिलीत! पिकरिंग, ही कल्पना कोणाची?"

पिकरिंग साहेबांनी गोपीनाथकडे पाहिलं, मग बड्या साहेबाकडे.

"माझी, सर," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. टाळ्यांच्या आवाजात साहेब गोपीनाथच्या कानाशी वाकून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

गोपीनाथला रडू फुटलं. माणसांत रडायचं नाही म्हणून तो चरापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आवडाबाई काठी टेकत खाली आली, तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"गुरां वाचवलीस रं बाबा. लय पुन्य लागंल तुला."

"आवडाबाई," गोपीनाथ डोळे पुसत म्हणाला, "ते कल्याणला येऊन माझ्या सासऱ्यांना सांगाल का?"