बॉनेटवरची लोकर

आमच्या घरात दोन जीव असे आहेत की ज्यांचं अंग तापलं की मला धडकी भरते. एक आमची छकुली, जी अजून भिंत धरून चालते. दुसरी नवऱ्याची गाडी. छकुलीचं अंग गरम लागलं तर नवरा म्हणतो, "होतं गं, मुलांना येतोच ताप, जिवाला घोर लावून घेऊ नकोस." पण गाडीचा काटा लाल रेषेकडे झुकला की हाच माणूस जेवणाच्या ताटासमोर बसून भिंतीकडे बघत राहतो.

ही गाडी म्हणजे बाजारहाटाची गाडी नव्हे. ती वेगळी आहे, तिच्यात छकुलीची सीट बसवलेली आहे. ही जुनी, सेकंडहँड घेतलेली, आणि घेतल्या दिवसापासून सोलत आणलेली. मागच्या सीटा काढल्या, गालिचे काढले, छताचं अस्तर काढलं, रेडिओ काढला. वजन कमी करायचं म्हणून. सुट्टीच्या दिवशी नवरा ती गावाबाहेरच्या रेस ट्रॅकवर नेतो आणि फिरवतो.

"शर्यत असते का रे?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"नाही आई. एकेकटेच फिरतो आम्ही. वेळ लावून."

"आणि पोचता कुठे?"

"जिथून निघतो तिथेच."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. असा मुलगा पदरात टाकल्याबद्दल त्यांनी तेवढ्या एका नजरेत माझी माफी मागून घेतली.

तर ही गाडी ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला हमखास उकळायची. बॉनेटच्या फटीतून वाफ, काटा लालमध्ये, आणि नवरा गाडी हळूहळू ढकलल्यासारखी आणत परत. मी चेहऱ्यावर हळहळ आणून पाण्याची बाटली पुढे करायचे. मनात मात्र त्या वाफेला हात जोडायचे. बाकीच्या बायकांचे नवरे मीटिंग संपली म्हणून घरी येतात, माझा पाणी उकळलं म्हणून येतो. येतो, हे महत्त्वाचं. हेल्मेट, पट्टे, लोखंडी नळ्यांचा पिंजरा हे सगळं त्याने बसवलं होतं, पण मला विचाराल तर त्या गाडीतली सगळ्यात भरवशाची सुरक्षा म्हणजे तिचा तो नालायक रेडिएटर.

पण मागच्या खेपेला रेडिएटरचा पाइपच फुटला, आणि मी म्हटलं, आता पुरे. सासूबाईंना साक्षीला बसवून मी नवऱ्याशी करार केला.

"पुढच्या वेळी उकळली तर विकायची."

"आणि नाही उकळली तर?"

"तर मी या गाडीबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आई, ऐकलंस ना? नीट ऐकलंस ना?" नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आमच्या लग्नात तो एवढा हेलावला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये तज्ज्ञ समिती जमली. समितीत नवरा धरून तिघं. एक दातांचा डॉक्टर, ज्याला सगळे दातवाला म्हणतात. साचे आणि भेगा बुजवायचं लुकण यांतला जाणकार म्हणून त्याला घेतलेलं. दुसरा कुठल्याशा मोठ्या ऑफिसात स्लाइड दाखवण्याचं काम करतो, म्हणून त्याचं नाव पीपीटी. तो पार्किंगमध्येही लॅपटॉप घेऊन येतो आणि टपावर ठेवतो. नवरा स्वतः हिशेब तपासणारा. म्हणजे एक दात बघणारा, एक चित्रं दाखवणारा आणि एक बेरजा करणारा, असे तिघं मिळून हवेला वळण लावणार होते.

"हवा आळशी असते," नवऱ्याने मला समजावलं. "तिला रेडिएटरच्या जाळीतून जायचं नसतं. ती बाजूच्या फटीतून सटकते. म्हणून पुढच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत पत्र्याचा बोगदा करायचा. दुसरी वाटच ठेवायची नाही."

"तुझ्या बाबतीत हेच करायला हवं होतं तुझ्या आईने," मी म्हटलं.

"वहिनी, नोंद घेतो," पीपीटी म्हणाला.

बोगद्याचे नमुने पुठ्ठ्याचे कापले. पुठ्ठा छकुलीच्या डायपरच्या खोक्यांचा, त्यामुळे रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना काही दिवस एकेक गुटगुटीत हसरं बाळ उभं होतं. मग त्यावरून पत्रा कापला, वाकवला, रिव्हेट ठोकले. फटी बुजवायला मऊ फोम हवा होता. एका दुपारी छकुलीच्या खेळायच्या चटईतून 'क', 'ग' आणि 'घ' नाहीसे झाले.

"'ख' तरी कशाला ठेवलास?" मी विचारलं.

"त्याला भोकं फार आहेत. हवा गळते."

मला इथे न्याय करायला हवा. बोगदा खरोखर चांगला झाला होता. बोटाने चाचपून बघितलं तर कुठे नखाएवढी फट नव्हती. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी वाऱ्यात रात्रभर शिट्टी वाजवते आणि तिच्यात कोंबलेला कागद मी दर आठवड्याला बदलते, ही गोष्ट अगदी वेगळी. तिचा ट्रॅकशी काही संबंध नाही.

आता राहिला प्रश्न आत आलेली गरम हवा बाहेर काढायचा. त्यासाठी बॉनेटला भोकं पाडायची होती. कुठे, यावर समितीची मोठी बैठक झाली. पीपीटीने बाण काढलेली चित्रं दाखवली, लाल बाण, निळे बाण. "गरम हवा वर जाते आणि गाडी पुढे जाते, म्हणजे ती मागे आणि वर जाणार. तेव्हा भोकं बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या अगदी पायाशी." दातवाल्यालाही ते पटलं, कारण तिथे ती देखणी दिसणार होती. नवऱ्याला दोन मतं मिळाली की तो तिसरं देतोच.

दातवाल्याने काळ्या पेनाने दोन लांबट चौकोन आखले, करवत लावली, आणि पत्र्यावर हात ठेवून सवयीने म्हणाला, "अजिबात दुखणार नाही."

पत्रा किंचाळला. गॅलरीत सासूबाईंनी कानावर हात ठेवले.

हवा खरंच बाहेर येते का ते बघायला लोकरीची चाचणी ठरली. लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने बॉनेटवर लावायचे आणि गाडी पळवायची. हवा जिकडे जाईल तिकडे लोकर वळते. लोकर अर्थातच सासूबाई छकुलीसाठी विणत असलेल्या स्वेटरची, गुलाबी. त्या स्वेटरला अजून एकच बाही आहे.

गोदामांमागचा सरळ रस्ता सकाळी मोकळा असतो. छकुलीला सासूबाईंकडे ठेवलं, आणि पीपीटीच्या गाडीत मी मोबाइल घेऊन बसले. व्हिडिओ मी काढायचा, कारण या तिघांपैकी कुणीही काढला तर तो गाडीच्या चाकांचा निघतो. नवरा शेजारून निघाला. बॉनेटभर गुलाबी केस भुरभुरायला लागले. समोरचे सगळे शहाण्या मुलांसारखे मागे वळून झोपलेले. मी काचेच्या पायाशी बघितलं.

तिथले तुकडे बाहेर उडत नव्हते. भोकांच्या पुढचेही आणि मागचेही, शेंडे खाली घालून भोकात शिरले होते. कुणी आतून जिभेने ओढून घ्यावेत तसे.

मी पुन्हा बघितलं. पीपीटी रस्त्याकडे बघत होता. "कसं दिसतंय वहिनी? येतेय ना बाहेर?"

भिंतीच्या पायाशी वारा काय करतो हे मला कुणी चित्र काढून सांगायची गरज नव्हती. बाबागाडी ढकलत मी रोज इमारतीला वळसा घालते. वारा भिंतीवर आदळतो, त्याला पुढे जायला वाट नसते, तो तिथेच तुंबतो आणि मिळेल त्या फटीत घुसतो, छकुलीच्या दुपट्यातसुद्धा. गाडीची काच म्हणजे भिंतच. तिच्या पायाशी पाडलेल्या भोकातून हवा बाहेर येणार नाही, आत जाणार. आत जाऊन रेडिएटरमागची गरम हवा तिथेच दाबून धरणार. एवढा सुबक बोगदा, एवढे रिव्हेट, आणि समितीने धुराड्यावर फुंकणी बसवली होती.

म्हणजे गाडी उकळणार. म्हणजे गाडी विकली जाणार. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यासारखी सोपी गोष्ट आयुष्यात क्वचित मिळते.

"वहिनी?"

"काढतेय व्हिडिओ," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

परतताना पीपीटी गप्पा मारत होता. मागच्या खेपेला पाइप फुटला त्याची मजा सांगत होता. "अहो, स्वतःच्याच पाण्यावरून घसरला की तो! मागचं चाक ओलं झालं, वळणावर गिरकी घेतली, तोंड उलटीकडे. आम्ही हसून हसून..."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

पीपीटी एकदम आरशात बघायला लागला. मागे काहीही नव्हतं.

मी हिशेब केला. नवऱ्याला घरी आणण्याचं काम ज्या उकळण्यावर मी सोपवलं होतं, तेच त्याला वळणावर गिरकी मारायला लावत होतं. उकळली तर हे, नाही उकळली तर तो फिरतच राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यातल्या त्यात आडाच्या काठावर पाणी सांडून घसरण झालेली होती.

पार्किंगमध्ये उतरल्यावर मी सांगून टाकलं. "भोकं चुकलीत. हवा आत जातेय."

तिघंही हसले. वाईट नाही हसले, लहान मुलाने चंद्राकडे खाऊ मागितल्यावर हसतात तसं हसले.

"अगं, गरम हवा वर जाते," नवरा म्हणाला.

"चहाच्या कपात जाते. तू ताशी शंभरने पळतोस."

"वहिनी, ते दिसायला तसं दिसतं," दातवाला म्हणाला. "अँगलमुळे."

मी मोबाइल त्याच्या हातात दिला. व्हिडिओ हळू करून लावला. गुलाबी लोकर गुमान भोकात शिरत होती. तिघांची डोकी एकमेकांना टेकली.

मग पीपीटी म्हणाला, "मला शंका होतीच."

"मी तर आखताना म्हटलं होतं," दातवाला म्हणाला. "मनात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. करार त्याच्याही डोक्यात होता, आणि त्याला कळलं की मी गप्प राहू शकले असते. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "कुठे पाडू मग?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस? लोकरीला विचार. जिथे ती बॉनेटपासून उचलली जाते तिथे. रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या बाजूला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागची देखणी भोकं पत्रा लावून बुजवली, ठिगळ दिसू नये म्हणून दातवाल्याने लुकण घासून असं गुळगुळीत केलं की पाहणाऱ्याने तोंड उघडून आपला दात दाखवावा. पुढे रुंद तोंड कापलं, त्याच्यापुढे हवा उचलली जावी म्हणून पत्र्याची बोटभर उंच पट्टी उभी केली. पुन्हा लोकर, पुन्हा मी. यावेळी गुलाबी शेंडे भोकातून वर फुटत होते.

ट्रॅकच्या दिवशी सासूबाईही आल्या. छकुली माझ्या कडेवर, कानांवर जाड टोपी, टोपीवर माझा हात. पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला माझा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला. गाडी समोरून सूं करत निघून गेली.

"येत नाही का गं हा?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. उकळली नाही."

"अगंबाई. मग कधी येणार?"

गाडी पुन्हा गेली, आधीपेक्षा जोरात. नवऱ्याने जाता जाता हात हलवला. एक हात, चक्क स्टिअरिंग सोडून. मी छकुलीचा हात धरून हलवला आणि डोळे मिटून घेतले. दातवाला आणि पीपीटी एकमेकांना मिठ्या मारत होते. प्रत्येक वळणावर आवाज बदलला की मी छकुलीची टोपी आणखी खाली ओढत होते, आणि आवाज प्रत्येक वळणावर बदलत होता. सासूबाईंनी पिशवीतून स्वेटर काढला होता, पण त्या विणत नव्हत्या, सुया धरून बसल्या होत्या.

शेवटी गाडी आचके देत, खोकत आत आली आणि आमच्यासमोर थांबली. वाफ नाही, वास नाही. नवरा हेल्मेट काढून उतरला. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्याला एवढा खूश बघितला नव्हता.

"हात लाव! लावून बघ बॉनेटला! काटा हलला नाही! पेट्रोल संपलं म्हणून आलो, नाहीतर..." तो छकुलीला घ्यायला हात पुढे करत म्हणाला, "कॅन कुठेय? भरून पुन्हा जातो."

करार करार असतो. मी तोंड उघडणार नव्हते. छकुलीला त्याच्या हातात दिलं, कॅन उचलला आणि घरी पोचण्यापुरतं पेट्रोल मोजून टाकीत ओतलं. झाकण लावलं.

"एवढंच?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "यापुढे पेट्रोल हीच भरणार. पेट्रोलचं काही करारात नव्हतं."

नवऱ्याचा चेहरा पडला. तेवढ्यात पीपीटीने उडीच मारली. "थांबा थांबा! कमी पेट्रोल म्हणजे कमी वजन! वहिनी, तुम्ही जीनियस आहात. गाडी आणखी जोरात पळेल!"

नवऱ्याचा चेहरा पुन्हा उजळला. दातवाल्याने टाळ्या वाजवल्या, आणि तिघांनी मला तिथल्या तिथे समितीवर घेतलं.

मी कॅनचं तोंड घट्ट आवळलं, तो आमच्या बाजारहाटाच्या गाडीत पुढच्या सीटखाली ठेवला, आणि दार लावून त्यालाच टेकून उभी राहिले.