गुळाचा हर्जाना

मला विषमज्वर झाला आणि मी मेलो नाही, याचे परिणाम घरातल्या गुळाला भोगावे लागले. मायनं नवस बोलला होता: पोरगं उठलं तर वेरूळच्या घृष्णेश्वराचं दर्शन होईस्तोवर गूळ तोंडात घालणार नाही. मी उठलो. आपण खात नाही ते दुसऱ्याला वाढायचं कसं, म्हणून गूळ घरातूनच गेला. चार वर्षं झाली. संक्रांतीला आमच्याकडं नुसते तीळ वाटत.

शेवटी मायनं भुजंगला गाठलं. आमचं गाव पूर्णेजवळ. तिथून भुजंग लोकांना यात्रेला न्यायचा. वेरूळ आपल्याला ओसरीसारखं माहीत आहे, असं तो म्हणे. माणशी दोन पायल्या ज्वारी घेऊन त्यानं आम्हा सात जणांना ठेसनावर नेलं आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत कोंबलं.

तासाभरानं माय म्हणाली, "भुजंगा, हे तर बसमत हाय."

"वाटंत लागतं, आक्का."

पुढं एका ठेसनावर उतरून, बैलगाडीनं आम्ही दुपारी देवळापाशी पोचलो. दारातले बन्सीधर गुरव मायला बघून म्हणाले, "या, धुरपताबाई! शिवरातीला अजून दोन महिने हायेत की!"

ते औंढा नागनाथ होतं. आम्ही तिथं दरवर्षी जातो.

परत आल्यावर मी फिर्याद लिहिली. मुद्दई धुरपताबाई, मुद्दालेह भुजंग, वेरूळच्या नावाखाली औंढा दाखवलं, सबब झालेल्या नुकसानीचा वाजवी हर्जाना मिळावा. चावडीवर किशनराव पाटलांनी ती दोनदा वाचली.

"भुजंगा, ज्वारी परत कर."

"खाल्ली, पाटील. आन मी देव दाखवला न्हाई का? बारा जोतिर्लिंगातलाच एक दाखवला. ह्यो काय, त्यो काय, हायेत तर भाऊभाऊच."

दोघातिघांनी होकारार्थी माना डोलावल्या. हा मुद्दा पटला असता तर मी जन्मभर कोरडे तीळ खाल्ले असते.

माय उठली. "ज्वारी त्याला लखलाभ. पर मी ज्याला नवस बोलले त्यानं अजून माजं तोंड बगितलं न्हाई. माजा गूळ अडकलाय, पाटील. तेवढा सोडवा."

किशनरावांनी तोंडातलं पान गालात सारलं.

"भुजंगा, च्या कशाचा पितोस?"

"गुळाचा."

"लय?"

"सकाळी तीन कप. मग मोजत न्हाई."

"मग बाईला घृष्णेश्वर दिसंस्तोवर तू बी गूळ सोड. ह्योच हर्जाना."

"एवढंच व्हय?" भुजंग हसला.

पहिले दोन दिवस तो हसतच होता. तिसऱ्या दिवशी तो आपल्या बैलाशी भांडला. पाचव्या दिवशी बैलाचंच बरोबर होतं, असं त्यानं गावभर सांगितलं. सातव्या दिवशी सकाळी तो गाडी जुंपून आमच्या दारात उभा. "आक्का, चला. तुमी दोघं. समदा खर्च माजा."

पूर्णेला त्यानं आधी ठेसनमास्तरला विचारलं, मग तिकीट तपासणाऱ्याला, मग इंजिनवाल्याला. मग परत जाऊन ठेसनमास्तरला विचारलं, की मघाशी खरंच सांगितलं ना. दौलताबादला उतरेपर्यंत तो बसला नाही. बसलं की गाडी दिशा बदलते, असा त्याला वहीम आला होता.

घृष्णेश्वरापुढं माय हात जोडून उभी राहिली. खूप वेळ.

"झालं का, आक्का?" भुजंगनं मागून हळूच विचारलं.

"होऊ लागलंय."

"होऊ द्या, होऊ द्या. सावकाश." त्याचा आवाज रडवेला होता.

बाहेर मायनं मूठभर गूळ घेतला. मी हात पुढं केला, पण पहिला खडा तिनं भुजंगला दिला. तो डोळे मिटून देवळाच्या पायरीवर बसला. मग तिनं स्वतः एक खडा तोंडात घातला आणि चार वर्षांचा श्वास सोडल्यासारखी हसली. मग मला.

बाजूलाच लेणी होती, जगभरचे लोक बघायला येतात ती. ती आम्ही पाहिली नाहीत. भुजंग म्हणाला, "इथून हलू नका. परत घरला जायची वाट मला एवढी एकच पाठ हाय."

घरी त्या दिवशी पुरणपोळी झाली. माय प्रमाण विसरली होती. पुरण इतकं गोड झालं की दात शिवशिवले. फिर्यादीचा एक कोरा कागद उरला होता. त्यावर मी तिसरी पोळी ठेवून खाल्ली.